गंजलेली एमएम ५४० अन् अजिंठा चौफुलीजवळचं गॅरेज

पोटॅश पत्र्याचं काय करतं हे रावेरकडच्या केळीवाल्यांना सांगायला नको. आमची मागून बंद टपाची महिंद्रा एमएम ५४० जीप वर्षानुवर्षं खताच्या गोण्या वाहत होती. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडचा क्षार. गोणी फाटली, वर पाणी पडलं की फ्लोअर गेलाच समजा. गाडी वरून बरी दिसायची, पण मॅट उचलली की खालचा रस्ता दिसायचा.

आधी एकानं (नाव नको) भोकांवर जाळी टाकून लांबी (पुट्टी) भरून दिली होती. जळगावच्या या गॅरेजवाल्या भाऊंनी खिशातून लोहचुंबक काढलं अन् दारांवरून, मडगार्डवरून फिरवलं. चिकटेना तिथे पत्रा नाही, लांबीच; तिथे खडूनं गोल. शेवटी रंगापेक्षा खडूच जास्त दिसायला लागला. माणूस मला तिथेच पटला.

बॉडी चासीवरून उचलली, सडलेलं सगळं कापून १८ गेजचा पत्रा वेल्ड केला. वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), मग एपॉक्सी प्रायमर, अन् तोही आतल्या बाजूनं आधी. पाणी निघायची भोकं मातीनं बुजलेली होती, ती हवा मारून मोकळी केली. लांबी लागली ती सांध्यांवर, पातळ. रंग आरसीवर लिहिलाय तोच मारा म्हणाले, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते.

इंजिन पुजो या फ्रेंच कंपनीचं डिझेल, त्याला हात लावायची गरजच नव्हती. चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा मात्र जाम होता, पुढच्या अ‍ॅक्सलचे सील गळत होते. दोन्ही कामं चोख झाली. पावसानंतरच्या काळ्या मातीत गाडी आता लो गिअरमध्ये सरळ निघते. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकू नका, असं बजावलं. या गाडीला मधलं डिफरन्शियल (पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं) नाही, वळणावर गिअरांवर ताण येतो.

आता तक्रार. तारीख विचारू नका भो! गणपतीला देतो म्हणाले, दिवाळी गेली. फोन उचलत नाहीत, समोर जाऊन उभं राहावं लागतं. वायरिंगवाला बाहेरून येतो अन् त्याचं काम कच्चं. डावा इंडिकेटर लावला की पार्किंग लाइट मिणमिणायचा. अर्थिंगच्या बोल्टखाली नवा रंग बसला होता. मी घरी पॉलिश पेपरनं खरवडला, थांबलं.

पैसे कमी नाहीत. पत्र्यासाठी डोळे मिटून द्या, वायरिंग दुसरीकडे करा.