अलिबागची ज्यू हेरिटेज डे टूर: मलिद्याला फुल मार्क्स, प्लॅनिंग काठावर पास

बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू लोकांच्या गावांची एक दिवसाची टूर करून आलो, नवरा आणि मी. टूरवाल्यांचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. स्वस्त अजिबात नाही हां, दोघांचे मिळून जेवढे गेले तेवढ्यात किहीमला एखाद्या बऱ्या होमस्टेमध्ये जेवणासकट एक रात्र झाली असती. तरी जा असंच सांगेन, पण का आणि कसं ते वाचा आधी.

गेटवेहून मांडवा, तिथे गाडी तयार, एसी, पाणी, गाइड वेळेवर, त्याबद्दल काही बोलायचंच नाही. ग्रुपमध्ये आम्ही दोघं, पुण्याच्या एक रिटायर्ड मॅडम आणि अमेरिकेहून आलेलं एक ज्यू जोडपं, साठीच्या पुढचे, एकदम गोड माणसं. ते जातील त्या देशात तिथल्या ज्यू लोकांना शोधून भेटतात म्हणे, कुठेही गेलं की आधी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) कुठंय ते विचारायचं, मग हॉटेल. आपण परदेशात महाराष्ट्र मंडळ शोधतो तसंच की हे.

पहिला स्टॉप नवगाव. परंपरेने सांगतात की दोनेक हजार वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि जे गेले त्यांना इथेच पुरलं. आज तिथे जुनी दफनभूमी आहे आणि स्मारकाचा खांब. फोटोला फार काही नाही पण अमेरिकन काका बराच वेळ गप्प उभे होते. इथे गाइडने माती केली. "लॉस्ट ट्राइब", "मिस्टीरियस पीपल" असं इंग्लिशमध्ये इतक्या वेळा म्हणाला की पुण्याच्या मॅडम शेवटी बोलल्याच, अहो पेणकर पेणला होते, दिवेकर दिवेआगरला होते, रोहेकर रोह्याला होते, हरवले कुठे? गाडीत सगळे हसले. गाइडला खरं तर माहिती भरपूर होती, घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र सुट्टीचा दिवस, त्यामुळे घाणा बंद म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलं वगैरे छान सांगितलं त्याने, पण स्क्रिप्ट फॉरेनरसाठी लिहिलेली आहे आणि ती सोडायला तयार नाही. आम्ही तिघं मराठी समोर बसलेले असताना "पोहा इज अ काइंड ऑफ फ्लॅटन्ड राइस" कशाला ऐकायचं सांगा!

तिथून खंडाळ्याचा खडक (अलिबागजवळचं खंडाळे, घाटातलं नाही). एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलिया इथे रथातून आला आणि खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा राहिल्या अशी श्रद्धा. नवस बोलतात, फेडायला येतात, आता इस्राएलला राहणारे सुद्धा सुट्टीत येऊन फेडून जातात. काकांना हे नवस प्रकरण नवीन होतं, आपल्याला काय, कोकणात नवसाशिवाय पान हलत नाही.

मग अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग. १८४८ मध्ये पहिलं बांधलं, आत्ताची इमारत १९१० ची. आत शांत, स्वच्छ, मधोमध प्रार्थना चालवणाऱ्याचा उंचवटा, आणि तोरा (त्यांचा धर्मग्रंथ) ठेवायचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला कारण जेरुसलेम आपल्याकडून पश्चिमेला. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोप्या तिथेच मिळतात. दाखवणाऱ्या काकांनी अगदी सरळ सांगितलं की काही प्रार्थनांना दहा पुरुष लागतातच आणि आता दहा जमवायचे म्हणजे फोनाफोनी करावी लागते. बहुतेक घरं १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली, त्यांच्या पण दोन बहिणी तिकडे आहेत, व्हिडिओ कॉलवर अजून मराठीतच भांडतो म्हणाले.

आता ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले ते. दुपारी एका घरी मलिदा होता. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, काजू बदाम, वर खजूर आणि फळं रचलेलं भलंमोठं ताट, त्याच्याभोवती बसून आधी हिब्रू प्रार्थना आणि मग वाटप. लग्न, गृहप्रवेश, नवस, काहीही चांगलं झालं की हे करतात. प्रार्थनेत एलियाहू हन्नाबीचं नाव आलं आणि अमेरिकन काकू एकदम ताठ बसल्या आणि गुणगुणायला लागल्या, त्यांच्याकडे शनिवारी संध्याकाळी शब्बाथ संपताना हेच गातात, चाल वेगळी. पण ताट पुढे आल्यावर त्यांना कळेना हे खायचं कसं, आणि मी तर तोपर्यंत दुसऱ्यांदा घेतलेलं. म्हणजे त्यांना गाणं ओळखीचं, आम्हाला पोहे ओळखीचे, आणि यजमान मावशींना दोन्ही आपलंच. मला या टूरमधलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच, पाहुणे म्हणून सगळे अर्धवट होतो.

मावशींनी जेवायला पापलेट आणि नारळाच्या दुधातलं मटण केलं होतं. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही त्यामुळे दही वगैरे काही नाही, नारळाच्या दुधावर सगळं भागतं आणि कोकणात नारळाला काय तोटा. कोळंबी, चिंबोरी बाद, कारण खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. नवरा हळूच म्हणाला की अलिबागमध्ये राहून कोळंबी नाही म्हणजे खरी श्रद्धा. मावशींनी बिरड्याच्या सणाचं पण सांगितलं, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपास आणि तो सोडायला वालाचं बिरडं! मी बिरडं आयुष्यभर खातेय, त्याला असाही एक दिवस आहे हे कुठून माहीत असणार. मग त्यांनी कपाटातून हगादा काढली, पेसाह या त्यांच्या सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रूबरोबर मराठी. मराठीतली हगादा मुंबईत १८४६ सालीच छापलीय. त्या मराठी वाचायच्या, मॅडम इंग्लिश करून सांगायच्या आणि काका मूळ हिब्रूवर बोट ठेवून मागे मागे, गाइड बिचारा बाजूला सरबत पीत. अशा वेळी टूरवाल्यांनी घड्याळ बघू नये ना, पण बघितलं, वीस मिनिटांत उठवलं.

का, तर रेवदंडा राहिलाय. तिथलं बेथ एल सिनेगॉग उन्हातून धावत बघितलं, चावीवाल्याची वाट बघण्यात अर्धा वेळ, मग परतीच्या बोटीसाठी पळापळ. एक तर रेवदंडा काढून टाका नाहीतर टूर दोन दिवसांची करा. यांचीच मुंबईची अर्ध्या दिवसाची वॉक पण आहे, काळा घोड्याचं निळं केनेसेथ एलियाहू, भायखळ्याचं मागेन डेव्हिड असं, ते ससून मंडळींचं म्हणजे बगदादी (इराककडून आलेले) ज्यू, इमारती देखण्या पण मावशी नाहीत. त्यातल्या त्यात मांडवीचं शाआर हारहमीम, १७९६ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं आणि बेने इस्राएलांचं, ते चुकवू नका.

जाणाऱ्यांसाठी: शनिवारी आणि त्यांच्या सणांना सिनेगॉग बघायला मिळत नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सण ओळीने येतात तर तारीख विचारूनच पैसे भरा. मलिदा सगळ्या पॅकेजमध्ये नसतो, तो नसेल तर जाऊ नका इतकं स्पष्ट सांगते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, भाऊच्या धक्क्यावरून रोरोने जावं लागेल. आणि मराठी गाइड बुकिंग करतानाच मागा, आम्ही मागितला तर "डिमांड नाही मॅडम" असं उत्तर आलं, चार जणांनी मागितला की देतील झक मारत. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन मावशींचे.