लालबागचं गेम झोन: अली-टायसन लावायचेत तर आधी साल लिहा

गेले तीन महिने जवळजवळ दर शनिवारी जातोय म्हणून लिहितोय, एकदा जाऊन आलो आणि पाच स्टार दिले असं नाहीये. जागा लालबागला, चिवडा गल्लीपासून चालत पाच-सात मिनिटं, करी रोडला उतरलात तरी चालतच. चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा आहे, बोर्डावर नुसतं 'गेम झोन' लिहिलंय. आत चार टीव्ही. तिघांवर पोरं फुटबॉल खेळत असतात, आणि आतल्या कोपऱ्यातल्या चौथ्यावर जुना पीएस थ्री लावलाय ज्यात फाइट नाईट चॅम्पियन आहे, २०११ चा बॉक्सिंगचा गेम. मी त्या कोपऱ्याबद्दल लिहितोय, बाकीच्या तीन टीव्हींबद्दल मला काही बोलायचं नाही.

ज्यांना बॉक्सिंगचं वेड आहे त्यांना हा गेम सांगायला नको. अली, फ्रेझियर, फोरमन, टायसन, होलीफिल्ड, लेनॉक्स लुईस, दोघे क्लिचको भाऊ, कुणालाही कुणासमोर उभं करा. आता हे घरी बसूनही करता येतं, मग लालबागला का जायचं तर त्या वहीसाठी.

टीव्हीच्या खाली एक लाल कापडी बांधणीची लांब वही असते, किराणावाल्याकडे हिशोबाला असते तशी. फाइट लावायच्या आधी तिच्यात लिहायचं की कोण विरुद्ध कोण, कुठल्या सालचा, किती राऊंडची, आणि तुमच्या मते कोण जिंकणार आणि का, ते एका ओळीत. मगच कंट्रोलर हातात मिळतो. मालक काका स्वतः तरुणपणी रिंगमध्ये उतरलेले आहेत, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण अजून दिसते, आणि या नियमाच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नाहीत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लिहिलं, अली वि. टायसन. काकांनी चष्मा वर करून वही बघितली आणि म्हणाले, "कुठला अली?"

मी म्हटलं, "काका, अली म्हणजे अली, मोहम्मद अली."

"अरे बाळा, सहासष्टचा की ऐंशीचा? ऐंशीच्या अलीला तेव्हाचा चॅम्पियन होम्सने दहा राऊंड नुसता धुतलाय, शेवटी अलीच्याच ट्रेनरने, डंडीने, कोपऱ्यातून फाइट थांबवली. तो अली लावलास तर टायसन कशाला, मीपण उभा राहीन."

आणि खरं सांगतो, मी वीस वर्षं मित्रांशी यावर भांडतोय, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गावसकर मोठा की सचिन यावर भांडतात ना तसं, आणि हा साधा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. अली म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर किन्शासाचा अली येतो, १९७४ चा, दोराला टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेणारा. पण तो मुळात आधीच मंदावलेला अली आहे. १९६७ ला व्हिएतनामच्या युद्धाला जायला नकार दिला म्हणून त्याचा किताब काढून घेतला, साडेतीन वर्षं त्याला रिंगमध्ये येऊ दिलं नाही, आणि ती साडेतीन वर्षं कुठली तर पंचवीस ते अठ्ठावीस. पाय होते ते त्याच्या आधी. नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टन, क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राऊंडमध्ये संपवला ती फाइट बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. शंभर किलोच्या आसपासचा माणूस आणि हलतो असा की समोरच्याला मारायला काही सापडतच नाही.

टायसनचंही तेच. १९८८ च्या जूनमध्ये स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा टायसन आणि २००२ ला मेम्फिसमध्ये लेनॉक्सकडून आठव्या राऊंडला पडणारा टायसन, नाव एकच पण बॉक्सर दोन. लोक म्हणतात ना, टायसनने होम्सला चौथ्या राऊंडमध्ये उडवला म्हणजे तो होम्सपेक्षा मोठा, अरे पण होम्स तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि निवृत्तीतून परत आला होता! आणि ज्यांना टायसन आवडत नाही ते हेच उलटं करतात, लेनॉक्सने हरवला बघा म्हणतात, तेव्हा टायसन ३५ चा होता हे सांगत नाहीत. वहीत सालाचा रकाना आहे म्हणून हे दोन्ही प्रकार तिथे चालत नाहीत.

तर आम्ही लावली, अली १९६६ वि. टायसन १९८८. माझी ओळ होती, "पाचव्या राऊंडनंतर अली." कारण टायसनला जे घाबरले ते लवकर पडले, पण टोनी टकर बारा राऊंड टिकला, बोनक्रशर स्मिथ नुसता मिठ्या मारून बारा राऊंड टिकला, आणि १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने लांब हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारमारून त्याला दहाव्या राऊंडमध्ये आडवा केला. डग्लसचा जॅब ज्याला चुकवता येत नाही त्याला अलीचा चुकवता येईल? यावर काकांचं म्हणणं असं की अलीचा उजवी बाजू झाकायचा प्रश्न कायमचा होता, हात खाली ठेवून मागे झुकायची सवय, १९६३ ला हेन्री कूपरने डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, पाडला, १९७१ ला फ्रेझियरने पंधराव्या राऊंडला डाव्याच हुकने पाडला, आणि टायसनचा डावा हुक या दोघांपेक्षा लवकर पोचतो. तरी तो दोन्ही वेळा उठला, हे मी म्हटलं, आणि काका म्हणाले, "उठला ना, पण टायसन दुसरा मारायला थांबला असता का?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. सहा वेळा खेळलो, चार वेळा अली, दोन वेळा टायसन, आणि त्या दोन्ही वेळा पहिल्या तीन राऊंडच्या आत.

राऊंडचा रकाना मला आधी उगाच वाटला होता. मग काकांनी समजावलं आणि त्या दिवशी मी घरी जाऊन रात्री दोनपर्यंत जुन्या फाइट्स बघत बसलो. पूर्वी टायटल फाइट पंधरा राऊंडची असायची. १९८२ ला कोरियाचा किम दुक-कू फाइटनंतर वारला, त्यानंतर हळूहळू सगळीकडे बारा झाल्या. आता १९४१ घ्या, जो लुईस वि. बिली कॉन. कॉन वजनाने कितीतरी हलका, पण बारा राऊंड संपले तेव्हा दोन जजेसच्या गुणांच्या कार्डावर तो पुढे आणि तिसऱ्याच्या बरोबरीत. तेराव्याला लुईसने त्याला नॉकआउट केलं. १९५२, मार्सियानो वि. वॉलकॉट, मार्सियानो तिन्ही कार्डांवर मागे, आणि तेराव्यालाच एक उजवा ठोसा बसला आणि वॉलकॉट दोराला लटकून खाली घसरला. म्हणजे आजच्या नियमाने लुईसने २५ वेळा किताब राखला ते नाही आणि मार्सियानोचं ४९-०, ४९ फाइट्स आणि एकही हार नाही, तेही नाही! आपण ज्यांना देव मानतो त्या दोघांचा सगळा इतिहास तेराव्या राऊंडवर उभाय, जो राऊंड आता नाहीच.

वहीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गेममध्ये नसलेले बॉक्सर पण त्यात आहेत. त्यांच्यापुढे 'फक्त वही' असं लिहितात आणि निकाल तिथे बसलेल्यांच्या मतावर लागतो. एका कॉलेजच्या पोराने लिहिलं होतं, मार्सियानो १९५२ वि. फ्युरी २०२०, मार्सियानो जिंकणार कारण तो कधी हरला नाही. खाली चार वेगवेगळ्या अक्षरांत उत्तरं होती. मार्सियानो ८४ किलोच्या आसपास, उंची पाच-दहा, फ्युरी सहा फूट नऊ इंच आणि सव्वाशे किलोच्या घरात. आजच्या हिशोबाने मार्सियानो हेवीवेट नाहीच, तो त्याच्या खालच्या क्रूझरवेट गटातला, आणि तो गटच त्याच्या काळात नव्हता. हे लिहिताना मलाही वाईट वाटतं कारण मार्सियानो माझा आवडता आहे, पण चाळीस किलो हा फरक काळजाच्या जोरावर भरून निघत नाही, म्हणून तर कुस्तीतसुद्धा वजनगट असतात.

अली १९६६ वि. उसिक २०२४ हे पान मात्र प्रत्येकाने वाचावं. दोघं सहा-तीन, दोघांची रीच, म्हणजे पसरलेल्या हातांचा पल्ला, ७८ इंच, दोघं पायांवर खेळणारे. उसिकने मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरीला हरवून हेवीवेटच्या किताबाचे चारही बेल्ट एकत्र केले, तेही खालच्या क्रूझरवेटमधून वर येऊन. आणि तो डावखुरा. १९६६ ला फ्रँकफर्टमध्ये अलीसमोर मिल्डेनबर्गर नावाचा जर्मन डावखुरा आला होता, अलीच्या तोडीचा वगैरे नव्हता, तरी अलीला बाराव्या राऊंडपर्यंत त्याने अडकवून ठेवलं. माझं मत, अलीला सगळ्यात जास्त त्रास टायसन नाही, उसिक देईल. तरी मी अलीच लिहिलंय, एका राऊंडच्या फरकाने.

काका सांगत होते की हा खेळ काही आजचा नाही. १९६७ ला अमेरिकेत मरी वॉरोनर नावाच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये सोळा चॅम्पियन्सची माहिती भरून रेडिओवर स्पर्धा लावली, त्यात अली जुन्या काळच्या जेफ्रीज नावाच्या चॅम्पियनकडून हरला म्हणून त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला! मग १९६९ ला अली आणि मार्सियानोला खरंच समोरासमोर आणून फिल्म काढली. पंचेचाळीस वर्षांच्या मार्सियानोने त्यासाठी भरपूर वजन उतरवलं, केसांचा टोप घातला. जानेवारी १९७० ला थेटरात लागली तेव्हा अमेरिकेत मार्सियानो जिंकला, तोही तेराव्याच राऊंडला, आणि युरोपात दाखवलेल्या फिल्ममध्ये अली. मार्सियानो ते बघायला राहिलाच नाही, आधीच ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात गेला.

आता खटकलेल्या गोष्टी. दुसऱ्या कंट्रोलरची उजवी काडी दोन आठवडे खराब होती, ठोसे त्या काडीने सुटतात, आणि टायसन घेऊन डावा हुकच सुटत नसेल तर त्या निकालाला अर्थ काय? काकांना सांगितलं, तिसऱ्या आठवड्यात बदलून मिळाला, पण वहीतले त्या दोन आठवड्यांचे निकाल खोडायला हवे होते, ते तसेच आहेत. एसी नाही, दोन पंखे आहेत, एप्रिल-मेमध्ये घाम पुसायला नॅपकिन घेऊन जा. बाजूची पोरं गोल झाला की एवढी ओरडतात की बेल ऐकू येत नाही. टॉयलेट नाही. आणि गणपतीत त्या भागात जायचा विचारपण करू नका.

रेट तासाला ८० रुपये, दोघांत मिळून. यातलं मोठं कौतुक हे की घड्याळ पहिली बेल वाजल्यावर सुरू होतं, आधी अर्धा तास वहीवर वाद घालत बसलात तरी पैसे नाहीत, वर समोरच्या टपरीवरून कटिंग काकाच मागवतात. भिंतीवर अली १९८० ला दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी लढला होता त्याचं पिवळं पडलेलं कात्रण आहे, तेही बघून या, दोन वर्षांनी एशियाडला गोल्ड मिळवलं तोच कौर सिंग.

माझी बहीण एकदा सोबत आली होती, तिला बॉक्सिंगमधलं फारसं काही माहीत नाही असं मी समजत होतो. काका म्हणाले, "ताई, तुम्हीपण लिहा." तिने लिहिलं, फोरमन १९७३ वि. फोरमन १९९४. सगळे गप्प झाले. एकीकडे किंग्स्टनमध्ये फ्रेझियरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा पाडणारा चोवीस वर्षांचा आडदांड, दुसरीकडे पंचेचाळिसाव्या वर्षी पोट सुटलेला, नऊ राऊंड मार खाऊन दहाव्याला एका उजव्या ठोशात तेव्हाच्या चॅम्पियन मूररला झोपवणारा. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलंय, "म्हातारा जिंकणार, तरण्याला दम पुरवून वापरता येत नाही, किन्शासात आठव्या राऊंडला अलीसमोर दिसलंच." पंधरा राऊंड, फक्त वही. त्याच्याखाली आत्तापर्यंत अकरा मतं पडलीत, सहा-पाच चालू आहे, कोण सहावर ते तिथे जाऊन बघा.

शनिवारी पाचच्या आत पोचा, सहानंतर कोपरा रिकामा मिळत नाही. यूपीआय चालतं.