एचटीएम की एएफएस? रोखा कुठल्या रकान्यात टाकावा

बँकेने रोखा (बाँड) घेतला की त्याच दिवशी ठरवावं लागतं: एचटीएममध्ये (हेल्ड टू मॅच्युरिटी) टाकून मुदत संपेपर्यंत सांभाळायचा, की एएफएसमध्ये (अव्हेलेबल फॉर सेल) ठेवून प्रसंगी विकायला मोकळं राहायचं. आयएफआरएस ९ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक आल्यापासून नावं बदलली, पण ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा गुंतवणाऱ्या विभागात, बोलताना अजून हीच चालतात. टेबलावर नवा आलेला माणूस बहुतेक वेळा एचटीएमलाच कौल देतो. मीही दिला होता.

एचटीएममध्ये झोप शांत लागते, हे मान्य. २ टक्के व्याजाचा १० वर्षांचा रोखा १०० ला घेतला आणि बाजारातला दर लगेच ४ टक्क्यांवर गेला, तर त्याचा भाव ८४ च्या आसपास येतो. एचटीएमच्या पुस्तकात तो १०० च्या १०० च राहतो. एएफएसमध्ये मात्र ती १६ ची खोट नफा-तोट्याला वळसा घालून भांडवलाच्या बाजूला दिसू लागते, आणि संचालकांच्या बैठकीत कोणीतरी चष्मा वर करून 'हे काय?' विचारतं. आयुष्यातल्या बऱ्याच तिमाही मी त्या प्रश्नाला उत्तरं देण्यात घालवल्या आहेत.

तरीही मन फिरलं ते एका कटकटीमुळे. एचटीएमसाठी लेखापरीक्षकाला लिहून द्यावं लागतं, की हा रोखा शेवटपर्यंत ठेवण्याचा आमचा इरादा आहे आणि तेवढी ऐपतही आहे. इरादा देतो हो, पण ऐपत ठेवीदारांच्या हातात असते, ती मी कशी लिहून देऊ? आयएफआरएस ९ च्या आधीच्या, जुन्या आयएएस ३९ मध्ये तर नजरेत भरेल इतका माल मुदतीआधी विकला, की अख्खा रकाना 'टेंट', म्हणजे बाटलेला, ठरायचा. उरलेलं सगळं बाजारभावावर आणा आणि पुढची दोन वर्षं एचटीएमला हात लावू नका! त्या काळात एकदा आम्हाला रोकड हवी होती. हाताशी कोणीही आनंदाने घेईल असा कागद होता, पण विकायची सोय नव्हती. म्हणून तो तारण ठेवायला गेलो. पलीकडच्या डीलरने फोनवर भाव सांगितला तो नव्वदीच्या आतला, वर हेअरकट, म्हणजे तारणाच्या भावातून कर्ज देताना केलेली कपात, वेगळा. माझ्या रजिस्टरातल्या १०० ला त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं हेच मोठ्या प्रमाणावर झालं. २०२२ अखेर तिच्या एचटीएममध्ये सुमारे १५ अब्ज डॉलरचा न दाखवलेला तोटा होता, आणि भांडवल जेमतेम तेवढंच. आकडा लपवलेला नव्हता, वार्षिक अहवालात छापलेला होता. ८ मार्च २०२३ ला तिने एएफएसमधले सुमारे २१ अब्जांचे रोखे तोट्यात विकल्याचं सांगितलं, दुसऱ्या दिवशी ४२ अब्ज डॉलर काढून नेले गेले आणि १० तारखेला बँक बंद. त्यानंतर फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, बँकांना रोख्यांच्या दर्शनी किमतीवर कर्ज द्यायची खास योजना आणावी लागली.

एएफएस म्हणजे रामबाण, असं मात्र नाही. २००८ मध्ये गिऱ्हाईकच उरलं नव्हतं, तेव्हा 'बाजारभाव' म्हणजे घाबरलेल्या माणसाचा भाव होता. बँका भाव उतरवत गेल्या, भांडवल आटलं म्हणून आणखी विकत गेल्या. शेवटी त्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने आणि एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या एफएएसबीने, म्हणजे तिथल्या लेखामानक मंडळाने, नियम सैल केले. दुसरं म्हणजे, नियामकच डोळेझाक करणार असेल तर रकाना बदलून फारसं काही होत नाही. अमेरिकेत त्या आकाराच्या बँकांना एएफएसचा तोटाही नियामक भांडवलातून वगळता येत होता आणि सिलिकॉन व्हॅलीने तो वगळला होता. बुडाली तेव्हा तिच्यावर देखरेख करणाऱ्यांचे ३१ ताशेरे अनुत्तरित पडून होते. कोणी बडगा उगारला नाही.

तुमच्याकडे देणी लांब मुदतीची असतील, ठेवीदार विखुरलेले आणि सवयीचे असतील, तर एचटीएम वाईट नाही. ठेवी मोजक्याच मोठ्या खात्यांच्या असतील, तर मी दोनदा विचार करेन. माझा प्रस्ताव हल्ली बहुतेक वेळा एएफएसचा असतो. एचटीएममध्ये टाकावंच लागलं, तर रजिस्टरात शेजारी पेन्सिलीने बाजारभावाचा रकाना आखतो आणि दर शुक्रवारी भरतो, कोणी मागत नसलं तरी.