गिअरबॉक्सचा कुलर

आमच्याकडे विदर्भात 'कुलर' म्हटलं की माणूस डोळे मिटून खिशात हात घालतो. एप्रिल लागला की कुलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, पंप चालतो का पाहायचं, टाकी भरून ठेवायची, हे घरोघरी चालतं. पारा ४५ च्या पुढं गेला की बिनकुलरचं घर घर वाटत नाही. त्यामुळं माझ्या पिकअपच्या गिअरबॉक्सलाही कुलर पाहिजे असं एका फिटरनं सांगितलं, तेव्हा मला त्यात काही खटकलंच नाही.

माझी गाडी भाड्यानं चालते. एक दिवस मी, एक दिवस पोरगा. परतवाड्याहून सिमेंट, सळया, किराणा भरायचा आणि सेमाडोह, हरिसाल करत धारणीला उतरवायचा. मेळघाटचा रस्ता ज्यानं भरल्या गाडीनं केला त्याला सांगायला नको. घटांगच्या चढावर दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही, आणि वळणावर समोरून एसटी आली की हाफ क्लचवर, म्हणजे क्लचचं पेडल अर्धं दाबून, गाडी धरून ठेवायची. मागच्या एप्रिलमध्ये त्याच चढावर जळका वास यायला लागला. दोन-तीन फेऱ्या तसाच आला. म्हणून परत येताना हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजात गाडी घातली. गॅरेज नवं, चकचकीत, टाइल्स बसवलेल्या. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं तीन दिवसांचा नंबर होता, हे माझं कारण. खरं कारण असं की त्या टाइल्सला भुललो.

फिटरनं गाडी रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावलं.

"काका, इथं हात लावून पाहा बरं."

गिअरबॉक्सला बोट टेकलं आणि लगेच ओढलं. चटका बसला.

"पाह्यलं? आतलं तेल उकळून राह्यलं. असंच चालवाल तर दोन महिन्यात बॉक्स जाते. तुमाले कुलर बसवा लागन."

मग मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातली मोठी पिकअप, मागं बोट जोडलेली, आणि एक गोरा माणूस रेडिएटरच्या पुढं पातळ जाळीचा कुलर बसवतोय, दोन पाइप जोडतोय. भाषा कळत नव्हती, पण काम दिसत होतं. व्हिडिओ खरा होता. आजही म्हणतो, त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ती गाडी ऑटोमॅटिक होती आणि माझी साध्या, हातानं टाकायच्या गिअरची.

या एका फरकावर सगळी फसवणूक उभी होती. तशा ऑटोमॅटिक गाडीत क्लचप्लेटच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या तबकडीच्या, जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाची ताकद तेलातून पुढं जाते, तेल घुसळलं जातं आणि तापतं. बोट किंवा ट्रेलर ओढताना तर फारच. पण त्या गिअरबॉक्सच्या आत स्वतःचा पंप असतो. तो तेल दाबानं बाहेर ढकलतो, ते रेडिएटरमधल्या कुलरमधून गार होऊन परत येतं. जास्त वजन ओढणारे लोक त्याच पाइपवर आणखी एक कुलर जोडतात. तिथं ते शहाणपणाचं काम आहे.

माझ्या गिअरबॉक्समध्ये पंपच नाही. खाली दीड-दोन लिटर घट्ट तेल असतं, खालच्या शाफ्टचे दाते त्यात बुडतात आणि फिरताना तेल वर उडवतात. तेवढ्यावर सगळं भागतं. अंगाची उष्णता धातूतून आणि खालच्या वाऱ्यानं निघून जाते. भरल्या गाडीनं घाट चढून आल्यावर चटका बसणं हे त्याचं रोजचंच. हे सगळं मला नंतर कळलं, आणि कळायला पैसे पडले.

कुलर साडेसहा हजार, पाइप-क्लिपा अकराशे, तीन लिटर 'इम्पोर्टेड' तेल अठराशे, मजुरी बाराशे. एकूण दहा हजार सहाशे. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर जीएसटी लागन काका, तुमचंच नुकसान." एका चिठ्ठीवर 'कुलर कीट' आणि आकडा लिहून दिला. चार हजार मी फोनवरून टाकले, बाकी रोख दिले. फोनवर नाव कुणा बाईचं आलं. विचारलं नाही.

बसवलं कसं ते ऐका. गिअरबॉक्सच्या तळाचा ड्रेन नट, म्हणजे तेल काढायचा नट, काढून तिथं पाइप जोडायचं निप्पल घातलं, बाजूच्या तेल भरायच्या भोकात दुसरं. दोन रबरी पाइप पुढं नेले आणि रेडिएटरसमोर कुलर लटकवला. म्हणजे कुलर वर, गिअरबॉक्स खाली. तेलाला वर चढवणारं कुणी नाही. पण त्याचा कारागीरपणा वेगळ्याच जागी होता. त्यानं पाइप सायलेन्सरच्या नळीला लागून बांधला होता. अर्धा तास गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "आता पाइप धरून पाहा. गरम आहे ना? म्हंजे तेल फिरून राह्यलं." मी धरला. गरम होता. समाधानानं घरी आलो आणि बायकोला सांगितलं की माणसाआधी गाडीला कुलर झाला.

वास काही गेला नाही. पोरगा म्हणाला, "बाबा, गाडी मागून तेल टाकून राह्यली." गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी थेंब दिसत होते. गॅरेजला फोन केला. उत्तर आलं, नवीन तेल आहे, सेट व्हायला वेळ लागते. तेल सेट होतं म्हणे! दह्यासारखं. तेव्हा हे सुचलं नाही, आता सुचतं.

बाराव्या दिवशी हरिसालच्या अलीकडं चौथा गिअर गायला लागला. आधी बारीक शीळ, मग दळण दळल्यासारखा आवाज. पोरगा एकटा होता. त्यानं थांबवायला हवी होती, पण धारणीत माल उतरवायला माणसं ताटकळत होती, म्हणून रेटली. पाच-सहा किलोमीटरवर गाडीला झटका बसला आणि गिअर अडकला. ना न्यूट्रल, ना काही. रात्र त्यानं केबिनमध्ये काढली. व्याघ्र प्रकल्पाचा भाग, आजूबाजूला नुसतं जंगल. त्याची आई रात्रभर फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. सकाळी दुसऱ्या पिकअपमध्ये माल पालटला, आणि आमची टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढून, परतवाड्याला आणली. टोचनाचे सात हजार.

या वेळी गेलो आमच्या जुन्या मिस्त्रीकडं. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग विचारलं, "भाऊ, याले पंप कुठं आहे?"

मी म्हटलं, कुलरमध्ये असेल.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

गिअरबॉक्स उतरवून त्यानं एकेक दाखवलं. सायलेन्सरला टेकलेला पाइप भाजून फुटला होता. पाइप तेलाचा नव्हताच, पाण्याचा होता. सगळं तेल तिथून रस्त्यावर गेलं. त्याआधीचे मागचे थेंब कशाचे? कुलरमध्ये ओतलेलं जास्तीचं तेल उतारानं गिअरबॉक्समध्ये आलं, पातळी चढली आणि सीलमधून बाहेर पडलं. शिवाय ते 'इम्पोर्टेड' तेल लाल आणि पातळ, ऑटोमॅटिकचं. काही गाड्यांच्या साध्या गिअरबॉक्सलाही पातळ तेल चालतं, पण माझ्या गाडीच्या पुस्तकात ८०डब्ल्यू-९० हे घट्ट तेल लिहिलंय. बेअरिंगं तापून निळी पडली होती आणि गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या सिंक्रो रिंगांचा पितळी चुरा तळाला बसला होता. जुन्या ड्रेन नटला चुंबक होतं, लोखंडाचा कीस धरून ठेवायला. तो नट त्या फिटरनं परत दिलाच नव्हता.

आणि जळका वास? क्लचप्लेट. घासून कागद झाली होती. दीड टनाच्या गाडीत आम्ही सव्वादोन टन सिमेंट भरत होतो आणि वळणावळणाला हाफ क्लच. हा दोष माझा, तो फिटरच्या माथी मारत नाही. पण त्यानं त्या दिवशी क्लचप्लेट बदलली असती तर त्याचेही पैसे झाले असते आणि माझी गाडीही वाचली असती. बेअरिंगं, गिअर, रिंगा, सीलं, क्लच, मजुरी मिळून एक्केचाळीस हजार. गाडी उभी राहिली सतरा दिवस, आणि हप्ता काही सतरा दिवस थांबत नाही.

चिठ्ठी घेऊन त्या गॅरेजात गेलो. म्हणाला, "कुलर तर चांगला आहे, तुमच्या पोरानं दगडावर आपटली." चिठ्ठीवर गॅरेजचं नाव नाही, सही नाही, गाडीचा नंबर नाही. हातात होती ती फोनवरून गेलेल्या चार हजारांची नोंद. मग एका ओळखीच्या वकिलानं समजावलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि कामाला मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथं फी लागत नाही. गाडी धंद्याची आहे म्हणून अडवतील ही मला भीती होती. पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याला कायद्यानं ग्राहकच मानलंय. वकिलानं मिस्त्रीकडून काय काय जळालं ते लिहून घेतलं, फुटलेला पाइप आणि निप्पलं पिशवीत बांधून ठेवायला सांगितली. अर्ज दिलाय. तारखा पडतायत.

कुलर गोठ्यात खिळ्याला टांगलाय. भाड्याच्या गाड्या चालवणारे ओळखीचे लोक आले की मी तो दाखवतो आणि सगळं सांगतो. त्यातलाच एक अंजनगावचा गडी परवा त्याच गॅरेजात गेला होता. त्याला अकरा हजार सांगितले. त्यानं विचारलं, "पण दादा, गिअरबॉक्सले पंप कुठं आहे?" फिटर क्षणभर त्याच्याकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "बरं, कुलर राहू द्या. टायरात नायट्रोजन भरून देऊ का?"