क्लिनिकल सायकॉलॉजीचं एमए: कलिना की देवनार?

मी कलिनाची, माझी मावसबहीण देवनारची. तेव्हा पक्षपात होणारच, तो वजा करून वाचा.

मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कलिना कॅम्पसमध्ये आहे. तिथे क्लिनिकल घेतलं की चाचण्या, स्टॅट्स आणि संशोधनपद्धती यांतून सुटका नाही. मानसशास्त्रज्ञ कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, ती आजही आपल्याकडच्या ओपीडीत वापरात आहे. असल्या गोष्टी डोक्यात पक्क्या बसतात. फी सरकारी विद्यापीठाची, म्हणजे डोंबिवलीतल्या एका पगाराच्या घरालाही झेपणारी.

देवनारला टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. तिची पदवी उपयोजित मानसशास्त्राची, स्पेशलायझेशन ‘क्लिनिकल अँड कौन्सेलिंग प्रॅक्टिस’. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, त्यामुळे वर्गात देशभरातली पोरं. संस्था 1936 पासूनची आणि मुळात समाजकार्याची, म्हणून फील्डवर्क तिच्या अंगात मुरलेलं. समोर माणूस आला की बहीण आधी घर किती माणसांचं, भाडं किती, रात्री दार कोण उघडतं ते विचारते. मी आधी कुठली चाचणी लावायची ते बघते. खरं सांगायचं तर समोरच्याला बोलतं करण्यात ती माझ्या दोन पावलं पुढे आहे. रिपोर्ट मात्र तिने माझ्याकडून तपासून घ्यावा. माझ्याकडून टिसला साडेचार तारे, कलिनाला चार.

पण खरं शिक्षण दोन्हीकडच्या वर्गांबाहेर झालं. एमएनंतर मी एका सरकारी रुग्णालयात शिकाऊ म्हणून बसायचे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आलेल्या मुलांची रांग लागलेली. टेबलावर सेग्विन फॉर्म बोर्ड ही बुद्धिमापनाची चाचणी, म्हणजे दहा खाचांचा लाकडी पाट आणि दहा ठोकळे. माझ्या हातात स्टॉपवॉच. पोरगं चांदणीचा ठोकळा षटकोनात दाबतंय आणि आई शेजारून डोळ्यांनी खुणा करतेय. वेळ चाललाय, मी गोंधळलेली. सुपरवायझर मॅडम एवढंच म्हणाल्या, “ताई, याचे जुने कागद जरा शोधता का?” आई पिशवीत गुंतली, मुलाने आपलं आपण काय जमतं ते दाखवलं. कोर्स निवडताना विचारायचं ते हेच: असं कुणी शेजारी बसणार आहे का, आठवड्यातून किती वेळ, आणि कुठल्या रुग्णालयात?

आता सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही दोघींनी केलेल्या एमएवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, आणि ती आरसीआयने मान्य केलेल्या कोर्सवरच मिळते. आजवरचा राजमार्ग म्हणजे दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. बंगळुरूचं निमहान्स, रांचीची सीआयपी या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्था ही त्यातली मोठी नावं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एमफिल मोडीत काढलं, क्लिनिकलला तेवढी 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली. त्याच्या जागी आरसीआयने स्वतःचं दोन वर्षांचं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी आणलं. म्हणजे बाजारात एकाच नावाची दोन एमए. एकावर नोंदणी, दुसऱ्यावर नाही, आणि माहितीपत्रकात हे ठळक अक्षरांत कुणी छापत नाही.

शनिवार-रविवारच्या ऑनलाइन डिप्लोम्यांना मी शून्य तारे देते. माझ्या एका मैत्रिणीला अशाच एका खाजगी संस्थेने लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दिलं. कोर्सच्या दोन वर्षांत एकही रुग्ण समोर आला नाही, आणि फी आमच्या दोघींच्या फीच्या बेरजेपेक्षा जास्त!

समुपदेशनच करायचं असेल, शाळेत किंवा एनजीओत, तर टिस डोळे झाकून घ्या. पीएचडीचा विचार असेल तर कलिना. रुग्णालयातच काम करायचं असेल तर दोन्ही नावं बाजूला ठेवा आणि आधी आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. संस्था, कोर्स आणि मान्यतेचं वर्ष, तिन्ही जुळली तरच पैसे भरा. ऑफिसातला माणूस “मान्यता येतेच आहे हो” म्हणाला, तर चहा पिऊन घरी या.