गोफण, कुऱ्हाड आणि त्रिशूळ : शस्त्रांचे घरचे नियम आठ महिने वापरून

दिवाळीत कापसाचा पहिला वेचा घरी आला, तेव्हा आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळातल्या शस्त्रांच्या तक्त्यात हात घातला. आता मिरग लागून गेला. दारव्ह्याकडचं गाव, कृषी केंद्राच्या मागची गोदामाची खोली, पाच खेळाडू आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. पाचवी आवृत्ती, २०१४ ची. गोब्लिन, म्हणजे किरकोळ शत्रू, म्हणून तुरीचे दाणे, राक्षस म्हणून सागरगोटा.

मूळ भांडण कुऱ्हाडीवरून झालं. दोन हाती तलवारीचा मार २डी६, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज, सरासरी ७. मोठी कुऱ्हाड १डी१२, सरासरी ६.५. अर्ध्या गुणासाठी कोणी रडत नाही. पण फायटरनं, म्हणजे लढवय्या पात्रानं, दोन हाती शस्त्राची शैली घेतली की १ आणि २ पडलेले फासे पुन्हा टाकता येतात. मग तलवार ८.३३ वर जाते, कुऱ्हाड ७.३३ वरच अडकते. आमचा कुऱ्हाडवाला खऱ्या आयुष्यात बाभळी तोडून विकतो. त्याला हा अपमान वाटला.

उपाय डीएमच्या पुस्तकातच होता. एका घावात शत्रू मेला तर उरलेला मार शेजारच्याला द्यायचा, असा तिथं एक ऐच्छिक नियम आहे. तो आम्ही फक्त कुऱ्हाडीला दिला आणि उत्साहाच्या भरात त्यातल्या दोन अटी गाळल्या : पहिला शत्रू आधी जखमी नसावा, आणि वार लागतो का हे ठरवणारा वीस बाजूंचा फासा दुसऱ्यालाही वार लागण्याइतका पडलेला असावा. दोन महिने तुरीचे दाणे नुसते झाडूनं लोटल्यासारखे जात होते. फेब्रुवारीत दुसरी अट परत आणली, पहिली आणली नाही. तेव्हापासून कुऱ्हाड गर्दीत भारी आणि एकट्या मोठ्या राक्षसापुढं साधीच. मला हेच हवं होतं. सगळी शस्त्रं सारखी झाली तर मग निवडायचं काय?

सगळ्यात वाईट नियम माझा होता. वाराच्या त्या वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की शस्त्र मोडणार. ऐकायला झकास. पण १ पडायची शक्यता दर वाराला ५ टक्के, आणि पाचव्या पातळीचा फायटर एका फेरीत दोन वार करतो. चार फेऱ्यांची लढाई धरली तर आठ वार, म्हणजे शस्त्र मोडायची शक्यता ३४ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या पातळीच्या नवख्याचे वार चारच, त्याची १९ टक्क्यांच्या आत. जादूगार मंत्र टाकून मोकळा, त्याचं काहीच मोडत नाही. हे मी गणिताचा मास्तर असून माझ्या लक्षात आलं नाही. दूध संकलनावर बसणाऱ्या पोरानं विचारलं, "मास्तर, म्हंजे जो जास्त चांगला लढते, त्याचीच तलवार जास्त तुटते? काहून बा?" तीन शनिवारांत चार तलवारी गेल्या आणि खेळातला लोहार गावच्या सावकारापेक्षा श्रीमंत झाला. नियम रद्द.

शस्त्राच्या वजनाप्रमाणे दर फेरीला वाराचा क्रम बदलायचा, हेही एका रात्री करून पाहिलं. लाइन गेली, मोबाइलच्या उजेडात बेरजा करता करता साडेअकरा वाजले, एक गोब्लिन मेला. पुढं बोलायला नको.

गोफण मात्र जमली. पुस्तकात तिचा मार १डी४, पल्ला ३० फूट, आणि नेम कच्चा धरून १२० पर्यंत. ज्यानं माळ्यावर बसून ज्वारी राखली आहे, त्याला हे सांगून पाहा. आमच्यात एकजण अजून जागलीला जातो. तो म्हणाला, "तीस फुटावरचं पाखरू तर मी नुस्तं हाड म्हणून उडवतो." आम्ही पल्ला ६०/२४० केला आणि मार १डी६. तरी छोट्या धनुष्याचा ८०/३२० मोठाच, पण गोफण एका हाताची आहे. सहा महिन्यांत तक्रार नाही. आमचा ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र टाकणारं पात्र, पहिल्यांदाच मंत्र संपल्यावर कोपऱ्यात उभा राहत नाही.

त्रिशुळाचं दुखणं वेगळं. २०१४ च्या तक्त्यात त्याचा मार भाल्याइतकाच, फेकायचा पल्लाही तोच. फक्त किंमत पाचपट, वजन एक पौंड जास्त आणि वापरायला लष्करी प्रशिक्षण हवं. म्हणजे जास्त पैसे देऊन तेच घ्यायचं. आम्ही तो १डी८ केला, दोन हातांनी १डी१०. नंतर कळलं की २०२४ च्या आवृत्तीतही नेमकं हेच केलंय, वर शत्रूला आडवं पाडायची करामतही दिली आहे. ती आम्ही उचलली. फेकण्याचा पल्ला कमी करा, असा आग्रह एकाचाच होता. त्याचे वडील महाशिवरात्रीला खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन पचमढीचा चौरागड चढून आलेले, त्यामुळं त्रिशूळ फेकतात हेच त्याला पटत नाही. पुस्तकातलं त्रिशूळ चार पौंडांचं, म्हणजे दोन किलोही नाही, हे सांगितल्यावर तो हसला. पल्ला तोच ठेवला, पण तो स्वतः अजून एकदाही त्रिशूळ फेकत नाही.

रेपिअरला, म्हणजे टोचायच्या बारीक तलवारीला, हात लावला नाही. १डी८, चपळाईवर चालते, त्यामुळं चपळ पात्र दुसरं काही घेतच नाही. ती कमी केली तर ‘रोग’, म्हणजे खेळातलं चोरटं पात्र, रुसतं, बाकीची वाढवली तर तक्ता पुन्हा लिहावा लागतो.

आता विळ्याची बारी आहे. १डी४, हलका, बस्स. ड्रुइड म्हणतो, विळ्यानं पाय ओढता आला पाहिजे. मी म्हटलं, आडवं पाडणं त्रिशुळाला दिलंय, दुसरं काहीतरी सांग. पेरणी आटोपली की ठरवू.