लाकूड विकायचं कुठे? चार बाजार, चार तऱ्हेची मागणी

लाकडाच्या निर्यातीत उतरू पाहणारा बहुतेक जण आधी एकच आकडा शोधतो: कोणता देश सर्वात जास्त आयात करतो? त्या आकड्यावर भिस्त ठेवून बाजार निवडला तर फसायला होतं. लाकूड हौसेने कुणी साठवत नाही. घर उभं करायचं असतं, कपाट करायचं असतं, खोकी ठोकायची असतात, म्हणून ते घेतलं जातं. त्यामुळे त्या देशात गेल्यावर आपल्या मालाचं पुढे काय होतं, हे आधी बघावं.

अमेरिकेत त्याची घरं होतात. भिंतींचा सांगाडाच लाकडी, म्हणून नव्या घरांची संख्या हलली की लाकडाची मागणी हलते, आणि ही संख्या गृहकर्जाच्या व्याजावर नाचते. जानेवारी 2006 मध्ये नवी घरं वर्षाला 22 लाखांहून जास्त या वेगाने सुरू होत होती. एप्रिल 2009 मध्ये हा वेग 5 लाखांच्याही खाली गेला होता. भावाचंही तसंच. मे 2021 मध्ये वायदेबाजारात हजार बोर्ड फुटांना (बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी) 1,600 डॉलरच्या वर भाव होता, तो ऑगस्टमध्ये 500 च्या आसपास. भाव चढला म्हणून अर्ध्यावर आलेलं घर कुणी थांबवत नाही. घराच्या एकूण खर्चात लाकडाचा वाटा मर्यादित असतो आणि सांगाडा ऐनवेळी दुसऱ्या कशाचा करता येत नाही. त्यामुळे चढ्या भावातही काही काळ माल उचलला जातो. मग नवी कामंच सुरू होईनाशी होतात आणि सगळं एकदम थंडावतं.

इथला मोठा पुरवठादार कॅनडा, आणि त्याच्याशी अमेरिकेचं सॉफ्टवुडचं (पाइन, स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचं) भांडण 1982 पासूनचं. 2006 चा करार ऑक्टोबर 2015 मध्ये संपला, 2017 पासून कॅनडाच्या मालावर पुन्हा शुल्क लागलं. या भांडणात युरोपातल्या गिरण्यांना जागा मिळाली. पण ऑक्टोबर 2025 पासून आयात सॉफ्टवुडवर 10 टक्के जादा शुल्क आलं, तेव्हा बाहेरच्यांचा हा फायदाही थोडा आटला.

चीनला हवा असतो ओंडका. 1998 च्या यांगत्से पुरानंतर तिथे नैसर्गिक जंगलांतल्या तोडीला आवर घातला गेला आणि आयात वाढत गेली. चिराई तिथल्याच गिरण्यांत व्हावी अशी सोय आहे. तिथे येणाऱ्या न्यूझीलंडच्या रेडिएटा पाइनचा (पाइनची एक जात) मोठा हिस्सा सेंट्रिंगच्या फळ्या आणि खोकी-पॅलेट यांत जातो. म्हणजे टॉवर थांबले की ओंडकेही थांबतात, आणि 2021 पासून तिथली बांधकामं मंदावली आहेत.

मोजणीची एक गंमत इथेच सांगतो. या व्यवहारात ओंडका जपानी पद्धतीने मोजतात: लहान टोकाचा व्यास सेंटीमीटरमध्ये घ्यायचा, दोन-दोनच्या टप्प्यावर खाली उतरवायचा, त्याच्या वर्गाला मीटरमधल्या लांबीने गुणून 10,000 ने भागायचं. चार मीटरचा, 29 सेंमी भरणारा ओंडका 28 चा धरला जातो, 0.31 घनमीटर. तोच 30 भरला असता तर 0.36. एका सेंटीमीटरने सुमारे 15 टक्क्यांचा फरक! तोडीच्या जागी ओंडका कुठे कापायचा हे ठरवणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर नफा तिथेच सांडतो.

चीनचा दुसरा धोका धोरणाचा. मार्च 2025 मध्ये किडीचं कारण देऊन अमेरिकी ओंडक्यांची आयात थांबवली गेली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. मधले आठ महिने ज्याचा माल दुसरीकडे वळत नव्हता, त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

जपानबद्दल थोडक्यात. देशाचा दोन-तृतीयांश भाग जंगल, तरी 2002 मध्ये स्वतःच्या गरजेच्या 20 टक्क्यांहूनही कमी लाकूड घरचं होतं. आता ते प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास आलंय आणि नव्या घरांची संख्या 2024 मध्ये 8 लाखांच्या खाली गेली. बाजार आक्रसतोय. मात्र वाळवण, मापं आणि प्लायवुडमधलं फॉर्मल्डिहाइड (गोंदातून सुटणारा अपायकारक वायू) यांबद्दल इतका काटेकोर गिऱ्हाईक दुसरीकडे क्वचितच मिळेल.

युरोपात अडचण कागदांची. जंगलतोडविरोधी कायद्यानुसार लाकूड कुठल्या भूखंडावरचं आहे याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील, आणि 31 डिसेंबर 2020 नंतर तिथलं जंगल तुटलेलं चालणार नाही. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली, पण ज्याच्या हाती भूखंडांचे नकाशे तयार आहेत त्याला ही अडचणच कामाला येईल: स्पर्धक कमी होतील.

माझं मत विचाराल तर: स्वतःची लागवड आणि बंदर जवळ असेल, पण गिरणी नसेल, तर चीन, मात्र माल उचलणारा दुसरा खरेदीदार हाताशी ठेवूनच. वाळवणाची भट्टी आणि दोन वर्षांची मंदी झेलण्याइतकं भांडवल असेल तर अमेरिका. लहान गिरणी, कमी पण नेटका माल असेल तर जपान. छोट्या शेतकऱ्यांकडून विखुरलेलं लाकूड गोळा करणाऱ्याने मात्र युरोपच्या नादी लागण्याआधी प्रत्येक शेताची नोंद आपल्याकडे आहे का, ते तपासावं.